वाढदिवस ऐंशीचा, प्रवास पाण्यावरचा

पूर्वी मुले दवाखान्यात येऊन विचारीत, ‘डॉक्टर, आईबाबांना चारधामला न्यावे का?’ आता विचारतात, ‘क्रूझला न्यावे का?’ पंचाहत्तरी, ऐंशी वर्षांची पूर्ती, सहस्रचंद्रदर्शन असे प्रसंग सभागृह आणि जेवणावळी यांऐवजी एखाद्या निसर्गरम्य जलप्रवासाने साजरे करावेत, ही कल्पना अनेक घरांत रुजू लागली आहे. तिच्यात मला काहीच गैर दिसत नाही. गुडघे थकलेल्या माणसाला असा प्रवास खरोखर सोयीचा असतो. बॅग एकदाच उघडायची, अंथरूण रोज तेच, आणि खिडकीबाहेरचा देखावा मात्र रोज नवा. अडचण एवढीच की जहाज निवडताना मुले जाहिरातीतील छायाचित्रे पाहतात आणि मी आजोबांची लघवीची गोळी पाहते. पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणाऱ्या ज्येष्ठांसाठी या दोन्ही दृष्टींचा मेळ कसा घालावा, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

एका आजींची हकिकत त्यांच्या अनुमतीने सांगते. माहेर अलिबाग तालुक्यातले, सासर ठाण्याचे. रक्तदाब, गुडघ्यांची झीज आणि पायांवर सूज येते म्हणून रोज सकाळी लघवी वाढवणारी एक गोळी. एरवी प्रकृती काटक. ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त सिऍटलजवळ राहणाऱ्या त्यांच्या मुलीने अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझचा बेत आखला. हिमनदी एकदा डोळ्यांनी पाहायची आहे, असे आजी कधीतरी म्हणाल्या होत्या, ते मुलीने लक्षात ठेवले होते. आजींनी हसून होकार दिला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्यांचा वरचा रक्तदाब, जो वर्षानुवर्षे १३५ च्या आसपास असे, तो १६० च्या खाली येईना. झोपही उडाली. मी औषधाची मात्रा वाढवण्याच्या बेतात होते. पण काहीतरी खटकले, म्हणून सुनेला बाहेर बसायला सांगितले आणि आजींना विचारले, ‘मनात काय आहे?’

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली सांगताना त्या संकोचल्या. ‘ती गोळी घेतली की दोन-तीन तास मला सारखे जावे लागते. एवढ्या मोठ्या बोटीवर, परक्या माणसांत मी कुठे धावू?’ दुसरी सांगताना मात्र त्या सरळ माझ्याकडे पाहत होत्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत आजींचा मामा होता. आजी तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या. मामा त्यांना आठवत नाही. पण त्यानंतर आईने उभ्या आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही, हे त्यांना चांगले आठवते. ‘मुलीचा हिरमोड नको म्हणून हो म्हटले,’ त्या म्हणाल्या, ‘आणि बर्फही बघायचा आहेच की.’

औषधाची मात्रा मी वाढवली नाही. मुलीला फोन केला. ती तत्काळ सगळे रद्द करायला निघाली होती. आजींनीच तिला थांबवले. मग आम्ही तिघींनी मिळून हा प्रवास नव्याने बेतला.

काळजीवाहू वाचकांना माझी पहिली विनंती यातूनच येते. ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना ‘सरप्राइज’ देऊ नका. पैसे भरण्यापूर्वी त्यांच्याशी एकट्याने, सावकाश बोला. आपल्या घरांतील ज्येष्ठ नातवंडांसमोर ‘नाही’ म्हणत नाहीत. लघवीवर ताबा नसणे, रात्री दिशा न समजणे, ऐकू कमी येणे, पाण्याची भीती या गोष्टी तर ते मुळीच बोलून दाखवत नाहीत. जहाज कोणते हे ठरवताना नेमक्या याच गोष्टी कामाला येतात.

देखावा कुठून दिसणार?

निसर्गरम्य क्रूझ म्हटले की पुस्तिकेत सगळीकडे डोंगर आणि पाणी दिसते. आपण विचारायचा प्रश्न एकच: हा देखावा जहाजावर बसून दिसणार आहे, की त्यासाठी रोज उतरून बसने, पायऱ्यांनी, खडबडीत वाटेने जावे लागणार आहे?

नाईल नदीवरील लक्सर ते अस्वान हा प्रवास सुंदर खराच, पण त्याचा गाभा देवळांत आहे, आणि देवळे म्हणजे वाळू, उन्हाचा तडाखा आणि उंचसखल दगड. जायचेच तर ऑक्टोबर ते मार्च या काळात. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांवरील जहाजे लहान आणि शांत असतात. डुलणे जवळजवळ नसते. पण तिथल्या जुन्या गावांच्या रस्त्यांवर गोटे बसवलेले असतात, गुडघे आणि काठी दोघांचीही परीक्षा होते. शिवाय धक्क्यावर दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून बांधली जातात आणि मधल्या जहाजातून पार होऊन काठावर यावे लागते. लिफ्ट आहे का, ती वरच्या डेकपर्यंत जाते का, हे विचारून घ्या. उन्हाळ्याच्या अखेरीस ऱ्हाइनचे पाणी खाली गेले तर जहाज थांबते आणि प्रवास बसने पुरा करतात. २०१८ आणि २०२२ मध्ये पाणी असेच खूप उतरले होते. ब्रह्मपुत्रेवरचा प्रवास मला मनापासून आवडतो, पण तिथे अनेक ठिकाणी पक्का धक्का नसतो. वाळूच्या काठावर फळी टाकून उतरावे लागते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही जे खडखडीत आहेत, त्यांनी अवश्य जावे.

बसल्या जागी देखावा पाहायचा असेल, तर माझ्या मते दोन जागा सर्वांत सरस: नॉर्वेचे फ्योर्ड आणि अलास्काची ‘इनसाइड पॅसेज’ ही आतली जलवाट. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या कुशीत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. गायरांगर आणि नेरॉय या दोन फ्योर्डना २००५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून धबधबे कोसळत असतात आणि जहाज त्यांच्यामधून सावकाश जाते. मात्र एका फ्योर्डमधून दुसऱ्याकडे जाताना काही तास उघड्या समुद्रात काढावे लागतात. ज्येष्ठांनी जून ते ऑगस्ट सोडून जाऊ नये. मार्च २०१९ मध्ये वादळी हवेत याच किनाऱ्यावर एका मोठ्या प्रवासी जहाजाची इंजिने बंद पडली आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. त्या प्रवाशांत वयस्क मंडळी पुष्कळ होती.

आजींसाठी अर्थातच अलास्का ठरलेले होते. प्रश्न होता तो कोणत्या वाटेने.

एकच अलास्का, दोन वाटा

बहुतेक कुटुंबांना माहीत नसलेली गोष्ट अशी. सिऍटलहून निघणारी बहुतेक मोठी जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या प्रशांत महासागरातून उत्तरेला जातात. कॅनडातील व्हँकूव्हरहून निघणारी जहाजे सहसा बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील अरुंद, आडोशाच्या पाण्यातून जातात. तिथे दोन्ही बाजूंना किनारा दिसत राहतो आणि लाटा फारशा नसतात. पुढे काही तास मोकळे पाणी लागते, तेवढेच. मुलीने सोयीचे म्हणून सिऍटलचे जहाज पाहिले होते. पहिल्यांदाच जाणाऱ्या, त्यातही पाण्याची धास्ती असलेल्या माणसाला किनारा दिसत राहणे फार मोलाचे असते. सिऍटल ते व्हँकूव्हर हे अंतर मोटारीने तीन तासांच्या आसपासचे. आम्ही जहाज बदलले.

व्हिसाचे काम त्यामुळे वाढत नाही. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला सिऍटलहून निघून सिऍटललाच परतायचे असेल, तर वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते, आणि ते सहसा कॅनडातलेच असते. म्हणजे आपल्याला दोन्ही देशांचे व्हिसा दोन्ही वाटांवर लागतात, तेही एकाहून अधिक प्रवेशांचे. ही तयारी वर्षभर आधी सुरू करावी.

दुसरी खातरजमा ‘ग्लेशियर बे’ची. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हिमनदी असली म्हणजे जहाज या राष्ट्रीय उद्यानात जाईलच असे नाही. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. ज्यांना परवानगी असते त्यांच्या कार्यक्रमात हे नाव स्पष्ट छापलेले असते. आमच्या दृष्टीने या दिवसाचे वैशिष्ट्य असे की कोणालाही उतरायचे नसते. उद्यानाचे रेंजर सकाळी स्वतःच जहाजावर येतात, दिवसभर माहिती सांगतात. जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबते आणि सावकाश स्वतःभोवती फिरते, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या केबिनमधून ती दिसावी. पाण्याच्या वर सुमारे ७५ मीटर उंचीची ती निळसर भिंत आहे. अधूनमधून तिचा कडा सुटतो, आधी पाणी उसळताना दिसते आणि मग गडगडाट ऐकू येतो. १७९४ मध्ये ब्रिटिश नौदलाचे सर्वेक्षक येथे आले, तेव्हा उपसागराच्या तोंडाशीच बर्फ उभा होता. १९१६ पर्यंत तो शंभर किलोमीटरहून अधिक आत सरकलेला होता. आज जहाज ज्या पाण्यातून जाते, ते सारे तेव्हा बर्फाखाली होते.

आजींसाठी आम्ही जहाजाच्या मध्यभागी, मधल्या मजल्यावर, बाल्कनीची केबिन घेतली. मध्यभाग यासाठी की जहाज डुलते तेव्हा टोकांची हालचाल सर्वाधिक आणि मधली सर्वांत कमी असते. बाल्कनी चैनीसाठी नव्हे. स्वतःच्या खुर्चीत, शाल पांघरून, स्वच्छतागृहापासून पाच पावलांवर बसून हिमनदी पाहता यावी, यासाठी. स्पा, खास रात्रभोजन, पेयांचे पॅकेज यांवरचा खर्च वाचवा आणि तो इथे घाला. बिनखिडकीची केबिन स्वस्त असते, पण दिवा मालवला की तिथे दिवसाही काळोख होतो. विस्मरणाची सुरुवात असलेले आजोबा अशा खोलीत रात्री उठले तर गोंधळतात. जहाजावरील न्हाणीघराच्या दाराला बहुधा उंचसा उंबरा असतो, त्याला अडखळून पडणारे मी पाहिले आहेत. चालण्याची अडचण असेल तर उंबरा नसलेली, धरायला दांडे असलेली सुगम्य केबिन मागा. अशा केबिन मोजक्याच असतात, म्हणून लवकर मागा.

बंदरात उतरण्याविषयीही एक प्रश्न विचारायचा: जहाज धक्क्याला लागणार, की समुद्रात नांगरून आपल्याला लहान नावेने नेणार? कोकणातल्या जुन्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून जाऊन तिच्यावर चढावे लागे. क्रूझवरील ‘टेंडर’ म्हणजे तोच पडाव, फक्त इंजिनाचा आणि छपराचा. नाव हलत असताना पाऊल टाकायचे असते. ते ज्यांना जमणार नाही, त्यांनी त्या दिवशी जहाजावरच आराम करावा. अलास्कात भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, त्यामुळे धक्क्यावर उतरण्याचा पूलही कधी जवळजवळ सपाट, तर कधी तीव्र उताराचा होतो. कर्मचाऱ्यांना सोयीची वेळ विचारावी. स्कॅगवेमध्ये १९०० साली पुरी झालेली डोंगरी रेल्वे आहे. खिडकीत बसून दऱ्या पाहायच्या, चालणे जवळपास नाही. तेवढी एकच सहल आजींसाठी घेतली. हेलिकॉप्टर, कुत्र्यांची गाडी इत्यादी नातवंडांवर सोडून दिले.

बोट लागली तर

‘बोट लागणे’ या शब्दाची भीती प्रवासाआधीच पोटात गोळा आणते. थोडा दिलासा देते. ही प्रवृत्ती लहान मुलांत सर्वाधिक असते आणि वयाबरोबर बहुतेकांत ती ओसरते. कानाच्या आतील तोलाची यंत्रणा हालचाल सांगते आणि डोळ्यांना मात्र स्थिर भिंत दिसते, या विसंगतीतून मळमळ येते. म्हणून मोकळ्या हवेत यावे, क्षितिजाकडे पाहावे, पुस्तक आणि मोबाइल मिटावे, पोट अगदी रिकामे ठेवू नये. आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही.

शेजाऱ्याने दिलेली उलटीची गोळी मात्र खिशात टाकू नका. प्रोमेथॅझिनसारख्या गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो; प्रोस्टेट वाढलेले असेल तर लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातील दाब वाढू शकतो. सिनारिझिनने कंपवाताची लक्षणे बळावू शकतात. कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीने वयस्कांत भ्रम झालेला आढळतो. आपली इतर औषधे पाहून आपल्या डॉक्टरांनीच यातले काही निवडावे, आणि निघण्यापूर्वी ते घरी एकदा घेऊन पाहावे. डुलत्या जहाजावर मला मळमळीपेक्षा पडण्याची भीती अधिक वाटते. घरच्या सपातांऐवजी मागून बंद असलेले, रबरी तळव्याचे बूट घाला आणि चालताना एक हात नेहमी कठड्यासाठी मोकळा ठेवा.

हातांवरून आठवले. बंद जागेत खूप माणसे एकत्र राहिली की नोरोव्हायरसचे जुलाब-उलट्या झपाट्याने पसरतात आणि त्या विषाणूवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही. जेवणापूर्वी आणि स्वच्छतागृहानंतर साबण आणि पाणीच हवे. इन्फ्लुएन्झाची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी आणि न्यूमोकोकल लस राहिली असेल तर तिच्याविषयी विचारावे.

औषधांविषयी. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागतात. म्हणून सर्व औषधे हातातील पिशवीत, लागतील त्याच्या दुप्पट दिवसांची. सोबत छापील चिठ्ठी, आणि तिच्यावर औषधांची मूळ नावे. आपल्या इथली कंपन्यांची नावे परदेशी डॉक्टरला कळत नाहीत. इन्शुलिनसाठी केबिनमधील छोट्या फ्रिजवर विसंबू नका, औषधांसाठीचा फ्रिज मागा. उन्हाळ्यात अमेरिकेचा पश्चिम किनारा आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतो, म्हणजे सकाळची गोळी एका फटक्यात रात्रीची होते. अलास्कात घड्याळ आणखी एक तास मागे जाते. वेळापत्रक आधी लिहून घ्या आणि जहाजावर चढण्यापूर्वी तीन-चार दिवस जमिनीवर विसावा घ्या. आजींची लघवीची गोळी सहलीच्या दिवशी परतल्यावर, दुपारी घ्यायची, असे आम्ही ठरवले. त्यांच्या प्रकृतीला ते चालण्यासारखे होते. आपल्या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा बदल करू नये. हृदय कमकुवत असणाऱ्यांनी रोज सकाळी वजन करावे. बुफेतील सूप, लोणची, चीज यांत मीठ पुष्कळ असते, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते अंगात साठलेले पाणी समजावे आणि जहाजावरील डॉक्टरांना गाठावे.

जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात, ईसीजी होतो, साध्या रक्ततपासण्या होतात, प्राणवायू मिळतो. अँजिओप्लास्टी किंवा मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही. स्कॅगवेमध्ये फक्त छोटे क्लिनिक आहे. जुनो ही अलास्काची राजधानी, तिथे रुग्णालय आहे. पण त्या शहराला बाहेरून येणारा रस्ताच नाही, गंभीर रुग्णाला विमानाने हलवावे लागते. म्हणून प्रवास विम्यात अशा हवाई स्थलांतराचा खर्च आहे का, आणि आधीपासूनच्या आजारांना संरक्षण किती, हे शब्दशः वाचा. मधुमेह लपवून घेतलेला विमा ऐन वेळी दावा नाकारण्याचे कारण ठरतो. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला असेल, अलीकडेच धाप लागून दाखल व्हावे लागले असेल, तर वाढदिवस पुढच्या वर्षीही येतो, असे मी स्पष्ट सांगते.

वाढदिवसाचा दिवस ग्लेशियर बेच्या दिवशीच यावा, असा मुलीचा हट्ट होता, तारखा जुळल्याही. औक्षणाचे मात्र जुळेना. जहाजावर मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवू देत नाहीत. आग हा जहाजावरील सर्वांत मोठा धोका आहे. औक्षण मग निघण्याच्या सकाळी मुलीच्या घरी झाले.

त्याआधी डिसेंबरात एक रंगीत तालीम केली होती. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजावर दोन रात्री, सून आणि नातवाबरोबर. पहिल्या संध्याकाळी जहाज बंदराबाहेर पडले, तेव्हा आजी डेकवर आल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी आल्या. जूनमध्ये त्या अलास्काला गेल्या. मोकळ्या पाण्यातल्या त्या काही तासांत त्यांनी मुलीचा हात सोडला नाही, असे मुलीने कळवले. बर्फासमोर त्यांना मामाच्या नावाने नारळ सोडायचा होता. पण उद्यानाच्या पाण्यात काहीही टाकता येत नाही, म्हणून हात जोडले.

नारळी पौर्णिमेला नातवाने त्यांना रेवसच्या धक्क्यावर नेले. त्याच आठवड्यात त्या दवाखान्यात आल्या, रक्तदाब १३४ होता. नारळ पाण्यात सोडल्याचे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘आता ती गोळी परत सकाळीच घ्यायची ना?’